आयपीचा कॉलम वारचार(१५), मोबाइल डेटावरच्या लोकांची सेशन्स उडतायत. आयपीव्ही६ नक्की साठवायचा कसा?

तिकीटखिडकी

मंडळी नमस्कार, जरा डोकं लावा. नाटकांची तिकिटं बुक करायचं छोटं ॲप आहे आमचं, बॅकएंड जावा (स्प्रिंग बूट, आतला टॉमकॅट), पुढे एनजिनएक्स (विनंत्या आधी घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर), डेटाबेस मायएसक्यूएल, आणि सीट सिलेक्शनचे लाइव्ह अपडेट्स द्यायला बाजूला एक नोडची सर्व्हिस जी एनजिनएक्सच्या मागे नाही, थेट उघडी आहे. कोड जुना, लिहिणारे कधीच सोडून गेलेत, आणि त्यांनी जिथे जिथे आयपी आहे तिथे तिथे वारचार(१५), म्हणजे जास्तीत जास्त १५ अक्षरांचा मजकूर, ठेवलंय.

ओटीपी चुकवणाऱ्यांना, म्हणजे परत परत चुकीचा ओटीपी टाकणाऱ्यांना, आवरायला दोन गोष्टी आहेत. एक, लॉगिनच्या वेळी ब्लॉकलिस्टमध्ये आयपी सापडला तर आत सोडत नाही. दोन, दर मिनिटाला एक जॉब चालतो, तो चुकलेल्या ओटीपींचा आयपीवर ग्रुप बाय करतो, आकडा मर्यादेबाहेर गेला की तो आयपी ब्लॉकलिस्टमध्ये टाकतो आणि सेशन टेबलशी जॉइन मारून त्या आयपीची सगळी सेशन्स उडवतो. घरच्या वायफायवरून, ऑफिसातून वगैरे सगळं व्यवस्थित चालतं. पण मोबाइल डेटावरचे लोक शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी, म्हणजे नेमकी गर्दीची वेळ, सीट निवडता निवडता बाहेर फेकले जातात आणि मग फोन येतात की आम्ही तर काहीच चुकवलं नाही. कोल्हापुरात कुणीतरी ओटीपी चुकवतो आणि साताऱ्यातली बाई बाहेर.

टेबल उघडून बघितलं तर असं दिसलं (शेवटचे आकडे बदललेत, आणि हेक्सची (१६ च्या पायातल्या आकड्यांची, ए ते एफ) अक्षरं देवनागरीत लिहितोय, समजून घ्या):

२४०९:४०४२:१०२३:
२४०९:४०४२:१०२३:
::एफएफएफएफ:१९२.०.२.
२४०९:४०४२:१०२३:
०:०:०:०:०:०:०:१

कापलं जातंय एवढं कळलं. मग सरळ वारचार(३९) करून टाकू का, ३९ हा आकडा कुठेतरी वाचलाय. दुसरं म्हणजे एनजिनएक्सच्या लॉगमध्ये जो आयपी दिसतो तोच जावाच्या लॉगमध्ये शोधला तर सापडत नाही, माणूस तोच असतो हे नक्की, हे काय गौडबंगाल आहे?

---

रात्रपाळी

आधी कापाकापीचं बघू कारण त्यात गंमत आहे. आयपीव्ही४ जास्तीत जास्त १५ अक्षरं होतो, तीन-तीन आकड्यांचे चार गट आणि मधले तीन ठिपके, म्हणून त्या काळी सगळेच १५ ठेवायचे. आयपीव्ही६ मध्ये, म्हणजे नव्या लांब पत्त्यात, चार-चार हेक्स अंकांचे आठ गट आणि मध्ये कोलन. आता १५ अक्षरांत काय मावतं? तीन भरलेले गट आणि त्यांच्या मागचा कोलन, बरोब्बर. म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक पत्त्याचे पहिले ४८ बिट राहिले आणि उरलेले ८० बिट गटारात गेले. मोबाइल कंपन्या साधारण प्रत्येक फोनला एक /६४ (पहिले ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा गट) देतात आणि एका /४८ मध्ये असे ६५,५३६ /६४ बसतात, तेव्हा कोल्हापूर-सातारा तुमच्या टेबलात एकच माणूस झालेत. भारतात मोबाइल डेटावर आयपीव्ही६ इतका पसरलाय की हे तुम्हाला आधी कसं दिसलं नाही याचंच आश्चर्य वाटतं.

आणि टेस्टिंगमध्ये का नाही सापडलं तेही तुम्हीच दिलेल्या शेवटच्या ओळीत आहे. लॅपटॉपवर लोकलहोस्टला गेलं की टॉमकॅट ०:०:०:०:०:०:०:१ असा पत्ता देतो, मोजा अक्षरं. १५. काठोकाठ! डेव्हलपरच्या मशीनवर सगळं हिरवं.

आता तुमच्या नजरेतून सुटलेली गोष्ट. तुमचा जॉब कापलेल्या पत्त्याला कापलेल्या पत्त्याशी जोडतो म्हणून निरपराध लोक उडतात. पण लॉगिनच्या वेळची तपासणी विनंतीतला अख्खा पत्ता घेऊन ब्लॉकलिस्टमध्ये शोधते ना? तो तिथे कधीच सापडणार नाही, तिथे तर कापलेले तुकडे आहेत. म्हणजे ज्याने खरंच ओटीपीवर हल्ला चालवलाय तो आयपीव्ही६ वरून दिवसभर मोकाट आणि बाहेर कोण, तर साताऱ्याची बाई. हे आजच्या आज दुरुस्त करा, सेशन उडण्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे.

मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डिफॉल्टला चालू असतो, लांब मजकूर आला तर तो सरळ एरर देतो. तुमच्याकडे गुपचूप कापतोय म्हणजे कुणीतरी कॉन्फिगमध्ये तो मोड काढून टाकलाय किंवा सर्व्हर फार जुना आहे. बघून घ्या, इतर कॉलममध्येही हेच चाललं असेल.

३९ बद्दल. आठ गुणिले चार बत्तीस आणि सात कोलन, बरोबर ३९. पण शेवटचे ३२ बिट ठिपक्यांच्या रूपातही लिहिता येतात, तसं सगळं भरून लिहिलं तर ४५ होतात. सी भाषेच्या हेडरमध्ये इनेट६_ॲड्रस्ट्रलेन म्हणून कॉन्स्टंट आहे तो ४६ का, तर हे ४५ आणि शेवटचा नल बाइट. विंडोजवर तोच ६५ आहे, कारण तिथे झोनचाही हिशोब धरलाय. झोन म्हणजे एफई८०::१%ईटीएच० असं जे टक्क्यानंतर इंटरफेसचं नाव लागतं ते. त्यामुळे मजकूर ठेवायचाच असेल तर ३९ नाही, निदान ६४ ठेवा. पण मजकूर ठेवूच नका असं माझं म्हणणं आहे, त्यावर टेबलवाले लोक येतीलच बोलायला.

---

जावाकरी

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, जावात आयुष्य गेलंय.

पत्ता म्हणजे १२८ बिट, १६ बाइट. बास. तो जो कोलनवाला मजकूर आहे ते माणसाला वाचायला केलेलं रूप आहे आणि एकाच पत्त्याची अशी रूपं ढीगभर निघतात. गटातली पुढची शून्यं लिहा किंवा गाळा, हेक्स कॅपिटल लिहा किंवा स्मॉल, शून्यांच्या गटांची सलग रांग असेल तर तिच्या जागी डबल कोलन द्या किंवा देऊ नका. डबल कोलन एका पत्त्यात एकदाच चालतो, कारण दोनदा दिला तर कुठल्या ठिकाणी किती शून्यं गिळलीत ते कळायला मार्ग नाही. म्हणजे बघा:

२००१:०डीबी८:००००:००००:००००:००००:००००:०००१
२००१:डीबी८:०:०:०:०:०:१
२००१:डीबी८::१
२००१:डीबी८:०:०::१

चारही एकच. सगळे वैध. आणि स्ट्रिंग म्हणून चारही वेगळे.

२००६ च्या आरएफसी ४२९१ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ही सगळी मोकळीक ठेवली होती आणि लोक वैतागले, लॉगमध्ये ग्रेप मारला तर सापडत नाही, एक्सेलमध्ये शोधलं तर सापडत नाही, दोन विभागांनी एकमेकांना पाठवलेले पत्ते जुळत नाहीत. मग २०१० मध्ये आरएफसी ५९५२ आला, बीगलोब आणि एनईसीकडच्या जपानी मंडळींनी लिहिलेला, त्याने एकच रूप ठरवून दिलं. अक्षरं स्मॉल, गटातली पुढची शून्यं गाळायची, सगळ्यात लांब शून्यांच्या रांगेला डबल कोलन, दोन रांगा सारख्या लांबीच्या असतील तर डावीकडची, आणि एकटाच शून्य गट असेल तर त्याला डबल कोलन द्यायचा नाही. वाचताना मात्र सगळी रूपं स्वीकारायचीच, लिहिताना हे एक. सीमधला इनेट_एनटॉप (बाइटचा मजकूर करणारं फंक्शन) साधारण असंच देतो.

आणि जावा? जावाचं गेटहोस्टॲड्रेस पुढची शून्यं गाळतं पण डबल कोलन कधीच देत नाही. म्हणून एनजिनएक्सच्या लॉगमध्ये २००१:डीबी८::१ आणि तुमच्या लॉगमध्ये २००१:डीबी८:०:०:०:०:०:१. हेच ते गौडबंगाल. ग्वावा लायब्ररीत इनेटॲड्रेसेस नावाचा क्लास आहे, त्यातलं टू-ॲडर-स्ट्रिंग ५९५२ प्रमाणे लिहितं, ते वापरा.

वाचायलाही त्याच क्लासचं फॉर-स्ट्रिंग वापरा, जावाचं गेटबायनेम नको. कारण गेटबायनेमला पत्त्यासारखं न दिसणारं काही दिलं तर ते त्याला होस्टनेम समजून डीएनएसला विचारायला जातं. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (प्रॉक्सी मूळ पत्ता ज्यात पुढे पाठवतो तो) तर कुणीही काहीही भरून पाठवू शकतो, म्हणजे बाहेरच्या माणसाने सांगितलेल्या नावाचा शोध तुमचा सर्व्हर घेत बसणार, वर ती विनंती तेवढा वेळ अडकून राहणार. मी हे प्रॉडक्शनमध्ये बघितलंय, थ्रेड पूल भरून सगळं ठप्प.

तुमच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर, दोन पत्ते स्ट्रिंग म्हणून कधीच ताडून बघू नका.

---

नवशिक्या_कॉलेजवाला

सॉरी मध्येच विचारतोय, पण १२८ बिट म्हणजे शेवटी एक मोठा आकडाच ना? मग आकडाच का नाही ठेवत सगळे, आयपीव्ही४ चा कॉलेजात आम्ही अनसाइन्ड इंट करायचो.

---

रात्रपाळी

@नवशिक्या सॉरी कशाला, रास्त प्रश्न आहे. आयपीव्ही४ चं जमून गेलं कारण ३२ बिटचा इंटिजर सगळीकडे आहे. १२८ बिटचा आहे का? रस्टमध्ये आहे, पायथनमध्ये इंटिजर कितीही मोठा होतो, पण जावाचा लाँग ६४ बिटचा, आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर २ चा ५३ वा घात ओलांडला की शेवटचे अंक गुळगुळीत करून टाकतो, तेही गुपचूप. जेसनमधून आकडा म्हणून पाठवलास तर पलीकडे भलताच पत्ता निघेल. काही लोक डेसिमल(३९,०) करतात (२ चा १२८ वा घात दशांशात ३९ अंकी होतो), चालतं, पण बाकी काही करायला गेलं की रडवतं. त्यापेक्षा १६ बाइट आले तसे ठेवायचे. ते नेटवर्क ऑर्डरमध्येच असतात, मोठा बाइट आधी, त्यामुळे बाइट-बाइट तुलना केली की आपोआप आकड्यांच्या क्रमाने लागतात.

सी करणार असशील तर पत्ता आणि पोर्ट ठेवायचा आयपीव्ही४ चा सॉकेटॲडर_इन १६ बाइटचा असतो आणि सॉकेटॲडर_इन६ २८ बाइटचा, म्हणून जुन्या कोडमध्ये पहिल्याच्या बफरमध्ये दुसरा कोंबला की मेमरी फाटते. सॉकेटॲडर_स्टोरेज त्यासाठीच आहे. आणि मजकुरातून पत्ता वाचायला इनेट_ॲडर विसर, इनेट_पीटॉन वापर. जुनं इनेट_ॲडर ०१०.०.०.१ ला ८.०.०.१ समजतं, पुढे शून्य दिसलं की ऑक्टल, म्हणजे ८ च्या पायातला आकडा. आयपीव्ही६ मध्ये निदान ती भानगड नाही, तिथे सगळं हेक्सच.

रच्याकने, आकडा म्हणून लिहायची कल्पना जुनीच आहे, १ एप्रिल १९९६ चा आरएफसी १९२४ वाच, त्यात बेस ८५ वापरून पत्ता २० अक्षरांत बसवलाय. तारीख बघून वाच मात्र.

---

तिकीटखिडकी

भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. स्ट्रिक्ट मोड खरंच काढलेला होता, कॉन्फिगमध्ये वर कमेंट आहे "इम्पोर्ट फेल होतोय म्हणून", कुणी कधी लिहिली देव जाणे. लॉगिनवाली तपासणीही रात्रपाळी म्हणाले तशीच निघाली, आयपीव्ही६ वाला एकही माणूस त्यात कधी अडकलेला नाही.

पण ती तिसऱ्या नमुन्याची ओळ राहिली, ::एफएफएफएफ:१९२.०.२. असं जे आहे. त्या फक्त नोडच्या सर्व्हिसने लिहिलेल्या ओळी आहेत. तो आयपीव्ही४ आहे की आयपीव्ही६?

---

गोफण

तो आयपीव्ही४ च आहे, आयपीव्ही६ च्या कपड्यात. याला मॅप्ड ॲड्रेस म्हणतात. नोड डिफॉल्टला आयपीव्ही६ चा एकच सॉकेट (जोडण्या घ्यायचं दार) उघडतो आणि लिनक्सवर त्याच सॉकेटवर आयपीव्ही४ वालेही येतात, तेव्हा कर्नल त्यांचा पत्ता असा गुंडाळून देतो, पहिले ८० बिट शून्य, मग १६ बिट सगळे एक, मग मूळचे ३२ बिट. आयपीव्ही६_व्ही६ओन्ली नावाचा सॉकेट ऑप्शन आहे, लिनक्सवर तो डिफॉल्टला बंद आणि विंडोजवर चालू, त्यामुळे तोच कोड दोन मशीनवर वेगळा वागतो आणि लोक एकमेकांवर ओरडतात. मॅप्ड पत्ता पॅकेटमध्ये दिसायला नको, तो तुमच्या मशीनच्या आतल्या आतलाच मामला आहे.

प्रॉब्लेम असा की हा आणि साधा १९२.०.२.१ एकच की वेगळे, यावर भाषाभाषांचं एकमत नाही. जावात मॅप्ड दिला तर तो न विचारताच आयपीव्ही४ चा ऑब्जेक्ट परत देतो. पायथनचं आयपीॲड्रेस मॉड्यूल दोघांना वेगळं मानतं, आयपीव्ही४_मॅप्ड ही प्रॉपर्टी आपण स्वतः बघायची, आणि जुन्या पायथनमध्ये छापायला गेलं तर ::एफएफएफएफ:सी०००:२०१ असं येतं, ज्यात १९२.०.२.१ ओळखून दाखवा! गोमध्ये तर दोन्ही मतं आहेत. जुनं नेट.आयपी म्हणजे बाइटची स्लाइस, कधी ४ लांब कधी १६ लांब, त्याचं इक्वल फंक्शन दोघांना सारखं धरतं. २०२२ मध्ये गो १.१८ बरोबर नेटआयपी पॅकेज आलं, त्यातला ॲडर हा टाइप थेट दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडता येतो, मॅपची की म्हणून वापरता येतो, त्याच्यासाठी वेगळी मेमरी मागावी लागत नाही, पण त्यात मॅप्ड आणि साधा वेगळे, आपण अनमॅप म्हणायचं. मला हे दुसरं जास्त पटतं. गुपचूप बदलण्यापेक्षा मला विचारून बदल.

यात सिक्युरिटीचीही बाजू आहे. ब्लॉकलिस्टमध्ये १९२.०.२.१ आहे आणि माणूस ::एफएफएफएफ:१९२.०.२.१ म्हणून आला तर स्ट्रिंग जुळत नाही, आत. किंवा "लोकलहोस्टला जाऊ देऊ नका" म्हणून कुणी १२७.०.०.१ अडवतं आणि ::१ व ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ विसरतं.

तेव्हा नियम एकच, पत्ता बाहेरून आत येतो त्या दारातच पार्स करा (मजकुरातून खरे बाइट काढा), झोन असेल तर काढा, मॅप्ड असेल तर उघडा, आणि त्यापुढे आत कुठेही स्ट्रिंग फिरू देऊ नका.

---

टेबलबाबा

आलो. माझं नाव काढलंच होतं वर.

पोस्टग्रेस असतं तर दोन ओळींत सुटलं असतं, तिथे इनेट नावाचा टाइपच आहे, आयपीव्ही४ ला ७ बाइट, आयपीव्ही६ ला १९, वैध नसेल तर घेतच नाही, आणि "हा पत्ता या नेटवर्कात आहे का" हे एका ऑपरेटरने विचारता येतं. मारियाडीबीतही १०.५ पासून इनेट६ टाइप आहे. मायएसक्यूएलमध्ये नाही. तिथे वारबायनरी(१६) करायचा आणि आत घालताना इनेट६_एटॉन, बाहेर काढताना इनेट६_एनटोए, ही दोन्ही फंक्शन्स ५.६ पासून आहेत आणि नावात ६ असलं तरी आयपीव्ही४ ही घेतात. वारचारपेक्षा जागाही कमी, इंडेक्सही आटोपशीर.

पण एक खोच आहे, ती कुणी सांगत नाही. आयपीव्ही४ दिला तर इनेट६_एटॉन ४ बाइट देतं, आयपीव्ही६ दिला तर १६. आता समजा तुम्ही २००१: ने सुरू होणारे सगळे पत्ते बिटवीन लावून मागितले. २००१:डीबी८ चे बाइट हेक्समध्ये २०, ०१, ०डी, बी८. आणि आयपीव्ही४ चा ३२.१.१३.१८४ हा पत्ता बाइटमध्ये कसा दिसतो? २०, ०१, ०डी, बी८! तोच. तुलना डावीकडून बाइट-बाइट होते त्यामुळे ३२.१ ने सुरू होणारे सगळे आयपीव्ही४ वाले तुमच्या आयपीव्ही६ च्या रेंजमध्ये येऊन बसतात. उपाय सोपा आहे, रेंजच्या क्वेरीत लांबी १६ ही अट घाला, पण माहीत असेल तर घालाल ना.

---

गोफण

किंवा सगळेच १६ बाइट करून ठेवा, आयपीव्ही४ ला मॅप्ड रूपात. एकच लांबी, एकच क्रम, कॉलम वारबायनरी नाही तर सरळ बायनरी(१६).

---

रात्रपाळी

तुम्ही दोघे म्हणताय ते सगळं खरं आणि मीच वर मजकूर नको म्हटलंय, पण रात्री तीनला पेजर वाजल्यावर सिलेक्ट स्टार मारलं आणि समोर बायनरी कचरा आला की काय होतं हे मी भोगलंय. प्रत्येक वेळी इनेट६_एनटोए टाइप करा, जॉइनमध्ये परत टाइप करा, सीएसव्ही काढून सपोर्टला द्यायची तर तीही वाचता येत नाही. माणसाला दिसणारं रूप टेबलात हवंच.

---

टेबलबाबा

@रात्रपाळी हवं ना, कोण नाही म्हणतंय. व्हर्च्युअल जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप निघणारा) करा, आयपी_मजकूर, व्याख्या इनेट६_एनटोए(आयपी). जागा घेत नाही, कुणी हाताने बिघडवू शकत नाही, सिलेक्ट स्टारमध्ये दिसतो. ५.७ पासून आहे. खरं एकच ठेवायचं, बाकी त्यातून काढायचं.

---

जावाकरी

पोर्टचं कुणी बोललं नाही अजून, ते सांगून ठेवतो. एनजिनएक्सकडून किंवा कुठल्या प्रॉक्सीकडून पत्ता आणि पोर्ट एकत्र येत असेल तर "कोलनवर तोडा आणि पहिला तुकडा घ्या" असा कोड शोधून काढून टाका, जुन्या कोडमध्ये तो असतोच असतो. "शेवटच्या कोलनवर तोडा" हेही पुरत नाही. २००१:डीबी८::१:८०८० हे बघा, यात ८०८० पोर्ट आहे की पत्त्याचा शेवटचा गट? दोन्ही अर्थ वैध. म्हणून चौकटी कंस, [२००१:डीबी८::१]:८०८०, यूआरएलमध्ये तर ते सक्तीचंच आहे. फॉरवर्डेड नावाचा जो नवा हेडर आहे (आरएफसी ७२३९) त्यात कंस आणि वर अवतरणचिन्हंही लागतात, एक्स-फॉरवर्डेड-फॉरला तर काही प्रमाणच नाही, जो तो आपल्या मनाने. विंडोजचं आणखी वेगळं, शेअर फोल्डरच्या पाथमध्ये कोलन चालत नाही म्हणून तिथे कोलनच्या जागी डॅश टाकून मागे आयपीव्ही६-लिटरल.नेट लावतात. बघितल्यावर हसावं की रडावं कळत नाही.

---

तिकीटखिडकी

अख्खा दिवस यात गेला पण बरंच मार्गी लागलं. स्ट्रिक्ट मोड चालू केला (दुसऱ्या दोन टेबलांत नावं कापली जात होती तेही कळलं, तो वेगळा विषय), सेशन उडवणारा जॉब तात्पुरता बंद, नवा वारबायनरी कॉलम टाकून दोन्हीकडे लिहितोय. नोडमध्ये मॅप्ड उघडायचा कोड दारातच टाकला.

आता ब्लॉक कशावर करायचं हे ठरवतोय. पूर्ण १२८ बिटवर केलं तर फोन पत्ता बदलत राहतो असं वाचलं, मग /६४ वर करावं म्हणतोय. पहिले ८ बाइट काढायचे, लेफ्ट(आयपी, ८), त्याचा जनरेटेड कॉलम, त्यावर इंडेक्स. आणि गोफण म्हणाले तसं सगळे १६ बाइट करून टाकतो, लांबीची कटकट नको. बरोबर ना?

---

टेबलबाबा

थांबा थांबा थांबा. दोन्ही एकत्र करू नका! मॅप्ड रूपाचे पहिले ८० बिट शून्य असतात. मग त्याचे पहिले ८ बाइट काय येणार? शून्य. प्रत्येक आयपीव्ही४ वाल्याचे. म्हणजे आता वायफायवरची सगळी जनता तुमच्या टेबलात एकच माणूस, कुणी एकाने ओटीपी चुकवला की अख्ख्या महाराष्ट्राचं वायफाय बाहेर. आयपीव्ही४ ला ४ बाइटच ठेवा, लेफ्ट(आयपी, ८) ने ते चारच्या चार जसेच्या तसे येतील आणि आयपीव्ही६ चे आठ येतील, दोन्ही जिथे हवं तिथेच कापले जातात.

---

गोफण

हे बरोबर आहे, बाबांचं ऐका, ब्लॉकिंगची की काढायची असेल तर ४/१६ च (आयपीव्ही४ ला ४ बाइट, आयपीव्ही६ ला १६) सोयीचं.

/६४ चा निर्णय योग्य आहे. एका /६४ मध्ये २ चा ६४ वा घात इतके पत्ते, फोन आणि लॅपटॉप प्रायव्हसीसाठी त्यातले नवे नवे आपणहून घेत असतात, साधारण दिवसाला एक तरी. एकेका पत्त्यावर ब्लॉक लावला तर हल्लेखोर एकाच जोडणीवरून कधीच संपणार नाही इतके पत्ते वापरेल आणि तुमचं टेबल फुगेल. घरच्या ब्रॉडबँडला कुणी /६४ देतं कुणी /५६, त्यामुळे एखादा चिवट माणूस २५६ /६४ घेऊन बसलेला असू शकतो, /५६ वर थोडी सैल दुसरी मर्यादा ठेवा.

आयपीव्ही४ चं उलट. तिथे एका पत्त्यामागे सीजीनॅटने (कंपनीने एकच पत्ता अनेकांत वाटून देण्याची सोय) शेकडो गिऱ्हाइकं बसवलेली असू शकतात, म्हणून आयपीव्ही४ ची मर्यादा आयपीव्ही६ पेक्षा सैल हवी. दोघांना एकच आकडा लावला की कुणावर तरी अन्याय होतोच. खरं तर ओटीपीची मुख्य मर्यादा मोबाइल नंबरवर लावा आणि आयपी फक्त दुसरी फळी म्हणून ठेवा, पत्त्यावरून माणूस ओळखायचे दिवस गेले.

---

तिकीटखिडकी

बाप रे, वाचलो. ४/१६ फायनल. नंबरवर मर्यादा आहे पण फार ढिली आहे, घट्ट करतो.

शेवटचं एकच, जुन्या कापलेल्या ओळींचं काय? मॅनेजर म्हणतोय सगळा डेटा नव्या कॉलममध्ये आणा.

---

टेबलबाबा

जे ८० बिट लिहिलेच नाहीत ते मॅनेजरने सांगितलं तरी येणार नाहीत. अर्धवट पत्ता नव्या कॉलममध्ये शून्यं भरून वगैरे अजिबात टाकू नका, नल ठेवा. ब्लॉकलिस्टमधल्या कापलेल्या ओळी उडवून टाका, त्यांचा उपयोग शून्य. लॉगिनच्या ओळींना वेळ आणि युजर आयडी असेल आणि एनजिनएक्सचे जुने लॉग शिल्लक असतील तर त्यावरून काही पत्ते जुळवता येतील, पहिले तीन गट जुळतायत का बघून खात्री करायची. जुळवणी स्ट्रिंगने नाही करायची हे आता सांगायला नको.

आयपीव्ही४ च्या जुन्या ओळी चांगल्या आहेत, त्या एका अपडेटमध्ये निघतील. इनेट६_एटॉनला जे वाचता येत नाही त्याला ते नल देतं, पण स्ट्रिक्ट मोडमध्ये एकाच कचऱ्याच्या ओळीवर अख्खं अपडेट अडू शकतं, म्हणून आधी सिलेक्ट मारून अशा किती ओळी नल येतायत ते बघा आणि त्या वेळेपुरत्या वगळा. आणि ०:०:०:०:०:०:०:१ वाल्या ओळी प्रॉडक्शनच्या टेबलात कुठून आल्या तेही शोधा, बहुतेक तुमचा हेल्थ चेक लॉगिनच्या रस्त्याने जातोय.